आज वार कुणाचा?

"बाळा, आईकडे जा बरं," मंजिरी मॅडम म्हणाल्या. माझ्या गोजीनं माझ्याकडं बघितलं, गोड हसली आणि तुरुतुरु पळत जाऊन जैतूनच्या मांडीवर बसली.

आम्ही सगळ्या बायका खो खो हसलो. इंदाक्कानं तर "शाबास गं वाघिणी!" म्हणून टाळीच वाजवली. मग फिलोमिनाचा जॉन आला, त्यालाही मॅडमनी तेच सांगितलं, तोही जैतूनकडं. इंदाक्काचा नातू सदा, त्याची आई समोर हात पसरून उभी, तरी तो जैतूनकडं. जैतूनच्या मांडीवर जागा उरली नाही तशी पोरं तिच्या पाठीवर चढली. तिच्या खांद्यावरचा लाल पंचा घसरून खाली पडला, तो तिनं उचलून पुन्हा खांद्यावर टाकला.

मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एवढा उतरला की मला वाटलं, बाईंना ऊन बाधलं. मी पाणी घेऊन गेले तर माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटत नाही का हो? तुमच्या मुलीला आई कोण तेच कळत नाही."

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली असतील. खरं ते वाक्य आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आमचं गाव आजऱ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटात. गावात काजूचा कारखाना. बिया वाफवायच्या, हाता-पायानं चालवायच्या यंत्रावर फोडायच्या, आतला गर सोलायचा, सगळं काम बायकांचं. काजूच्या टरफलाला तेल असतं. ते कातडीला लागलं की कातडी भाजून सोलून निघते. आम्ही हाताला राख चोळून बसायचो, तरी बोटं काळी ती काळीच. असल्या जागी पोर घेऊन कोण बसणार? आणि घरी ठेवावं तर घरी कोण होतं? माझा नवरा गोव्याला हॉटेलात कामाला म्हणून गेला तो गेलाच. इंदाक्का विधवा, सून तिच्याबरोबर कारखान्यात. जैतूनची सासू अंथरुणाला खिळलेली.

मग इंदाक्कानं वार काढले. पंचायतीची दूध डेअरीची खोली बंद पडली होती, उंदीर नांदत होते तिथं. ती आम्ही झाडली, सारवली, खिडकीला जाळी मारली. प्रत्येकीला एक वार. ज्या बाईचा वार, तिनं कारखान्यात जायचं नाही, सगळ्यांची पोरं सांभाळायची, आणि तिच्या वाटच्या बिया बाकीच्यांनी फोडायच्या. सोमवार माझा, गुरुवार जैतूनचा.

सुरुवातीला पोरं दिवसभर "आई, आई" करून रडायची. तेव्हा इंदाक्कानं एक लाल पंचा आणला आणि म्हणाली, "हा जिच्या खांद्यावर, ती आजची आई. बाकी सगळ्या गेल्या खड्ड्यात." पोरांची नाकं पुसायला तोच, भात भरवल्यावर तोंड पुसायला तोच, झोपवताना अंगावर टाकायला तोच. महिनाभरात पोरं अशी रुळली की सकाळी खोलीत शिरताना आधी पंचा शोधायची. एखादीला ताप आला तर ती पोरांच्या देखत पंचा दुसरीच्या खांद्यावर टाकायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आज वार हिचा." झालं. पोरांची तक्रार नाही.

म्हणजे गुरुवारी जैतून आई. आणि मॅडमनी परीक्षा घेतली ती गुरुवारीच, आमच्या जेवणाच्या सुट्टीत, त्याला आम्ही काय करणार?

इंदाक्कानं मॅडमना हे सगळं समजावून सांगितलं. "मॅडम, आज तिचा वार हाय, म्हणून पोरं तिच्याकडं गेली."

मॅडमचे डोळे आणखी मोठे झाले. "म्हणजे तुम्ही मुलांची आई रोज बदलता?"

"बदलतो कुठं? पाळीपाळीनं करतो."

"अहो, पण याचा मेंदूवर किती परिणाम होतो! पहिल्या तीन वर्षांत मुलाला एकच व्यक्ती लागते. एकच. आई."

बाई वाईट नव्हत्या, हे मी आजही सांगेन. पुण्याहून आल्या होत्या, सरकारच्या बालविकासाच्या योजनेवर. पोरांशी जमिनीवर बसून खेळायच्या, त्यांची शेंबडी नाकं स्वतःच्या रुमालानं पुसायच्या. पोराशी बोला, गाणी म्हणा, त्याच्या डोळ्यांत बघून बोला, असं त्यांनी शिकवलं, ते मी खरंच करायला लागले होते. पण उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की चांगलं माणूसही वरच्या वरच बोलतं. शाळेच्या व्हरांड्यात त्यांचा आयांचा वर्ग भरायचा. त्यात त्या म्हणाल्या, "मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईनं शक्यतो घरी असावं."

इंदाक्का म्हणाली, "बरं. आणि चूल?"

"म्हणजे?"

"चूल कशावर पेटवायची म्हंते मी. आई घरात, पोर घरात, आणि चुलीवर काय ठेवायचं?"

मॅडम म्हणाल्या, "ते आमच्या विभागात येत नाही. त्याच्यासाठी वेगळी योजना आहे."

"मॅडम, तुमचं लेकरू कुठाय?"

मॅडम लाल झाल्या. "पुण्यात. माझ्या आईकडे."

"मग त्याला कुणी इचारलं का, बाळा आईकडं जा म्हणून?"

मला त्या वेळी मॅडमची दया आली, खोटं कशाला सांगू. पण इंदाक्काच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्या दिवशी तिचं काही चुकलंही नव्हतं.

यावर थांबलं असतं तर गोष्टच झाली नसती. पण मॅडमचं म्हणणं तालुक्याला गेलं आणि तिथून आमच्या सभापतींच्या कानावर. दत्ताजीराव सभापती म्हणजे जिथं फीत तिथं कात्री घेऊन हजर. त्यांनी ठरवलं, आपलं गाव तालुक्यातलं पहिलं "आदर्श पालक गाव" करायचं. पाटी लागणार, वरचे साहेब येणार, फोटो निघणार. आणि कारखाना कुणाचा? सभापतींच्या मेव्हण्याचा.

एका सकाळी आम्ही पोरं घेऊन खोलीवर गेलो तर दाराला हे भलं मोठं कुलूप. आत रंगकाम होणार, भिंतीवर फुगे आणि ससे काढणार, तिथं आता "पालक मार्गदर्शन केंद्र" होणार. खोली आम्ही सारवली, जाळी आम्ही मारली, आयत्या बिळावर नागोबा कोण, तर सभापती! पोरं तशीच कडेवर घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेलो तर परशा मुकादम आडवा.

"लहान पोर असलेल्या बाईला आत घ्यायचं न्हाई. मालकांचा निरोप हाय. तीन वर्षं घरी बसा, पोराकडं बघा. तुमच्याच भल्याचं हाय."

"तू आमचं भलं कधीपासून बघायला लागलास रं?" इंदाक्कानं विचारलं. परशा खाली बघून तंबाखू मळत राहिला.

त्या आठवड्यात नको ते झालं. फिलोमिना गवत कापायला दुसऱ्याच्या रानात गेली, जॉनला मोठ्या बहिणीजवळ ठेवून. ती बहीण तरी केवढी? जॉननं चुलीत हात घातला. तळहात भाजला पोराचा. जैतूननं आपल्या पोरीला खाटेच्या पायाला लुगड्यानं बांधून ठेवलं. माझ्या भावाचा गडहिंग्लजहून निरोप आला, "काम सुटलंय म्हणं. ये इकडं. वहिनीच्या हाताखाली राहा, दोन घास मिळतील." वहिनीच्या हाताखाली म्हणजे काय, ते मी लग्नाआधी भोगलं होतं. मला तिकडं जायचं नव्हतं. मेले तरी जायचं नव्हतं. मला माझं काम पाहिजे होतं, माझी खोली पाहिजे होती, आणि माझ्या गोजीला तिच्या साऱ्या आया पाहिजे होत्या.

आणि मनात ते वाक्य सलत होतंच. आई कोण तेच कळत नाही. गोजी मला घरी हाक मारायची तीसुद्धा नावानं. कारखान्यातल्या बायका "मालन, ए मालन" म्हणायच्या, ते ऐकून तीही "मालन" म्हणायची. आधी मला त्याचं हसू यायचं. आता मी तिला दरडावायला लागले. "आई म्हण. म्हण आई." ती माझ्या खांद्याकडं बघायची, तिथं पंचा नसायचा. मग मान हलवून म्हणायची, "मालन." दोनदा मी तिला चापट मारली. असलं विष कालवलं होतं माझ्यात त्या परीक्षेनं.

पाटीच्या कार्यक्रमाचा निरोप आला. सगळ्या आयांनी चांगली लुगडी नेसून, आपापलं मूल आपापल्या मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायचं. दिवस सोमवारचा.

"सोमवार," इंदाक्का माझ्याकडं बघून म्हणाली. "मालन, वार तुझा."

"खोलीला कुलूप हाय, आक्का. कसला वार?"

"कुलूप दाराला हाय. वाराला कुठाय?"

मी घरी आले. धुवायला म्हणून आणलेला लाल पंचा खोलीला कुलूप लागल्यापासून माझ्या पेटीतच पडला होता, तो धुतला, वाळवला आणि घडी घातली. सगळ्या जणींशी बोलले. जैतून पहिल्यांदा घाबरली, मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. वर साहेब लोक, मध्ये सभापती, पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी. कडेला मंजिरी मॅडम. सभापतींनी भाषण केलं. आई म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला पाऊण तास सांगितलं. दिवसभर आई घरात असली की संस्कार कसे होतात, ते सांगितलं. त्यांना स्वतःच्या चारी पोरांची नावं तरी नीट घेता येतील का, अशी शंका मला तेव्हाच आली होती. मग सूत्रसंचालकानं पुकारा केला, "आता माता-भगिनींच्या वतीनं मालनताई गुरव सभापती साहेबांचा सत्कार करतील."

ते आम्हीच त्याच्या कानात सांगून ठेवलं होतं.

मी स्टेजवर गेले. सभापतींनी शालीसाठी मान वाकवली. मी घडी उलगडली आणि लाल पंचा त्यांच्या खांद्यावर टाकला. त्यांना वाटलं, गरिबाची शाल. हात जोडून ते फोटोसाठी हसलेसुद्धा.

मी माईकवर तोंड नेलं. "पोरांनो, आज सोमवार. आज वार ह्यांचा."

आमच्या पोरांनी पंचा बघितला. आठवडाभर न दिसलेला पंचा! पहिला सदा सुटला, मग जॉन भाजल्या हाताची पट्टी उंचावत, मागोमाग बाकीची. "आई! आई!" करत सगळी स्टेजवर. कुणी धोतराला लोंबकळलं, कुणी मांडीवर चढलं. माझ्या गोजीनं पंच्याचं टोक ओढून घेतलं आणि त्याला मनसोक्त नाक पुसलं. वरचे साहेब आधी हसले, मग इकडंतिकडं बघायला लागले.

"अहो, हे काय? घ्या ह्यांना! कुणाची ही?" सभापती ओरडले.

"तुमचीच," इंदाक्का खालून म्हणाली. "खोली तुमी घेतली, मग वार बी घ्या. खोलीसंगं वार असतोय. साळीचा भात करा, मऊ. जॉनच्या हाताला तूप लावा. दुपारी झोपताना पंचा अंगावर घालायचा, न्हाईतर झोपत न्हाईत. भोंगा झाला की येतो आमी."

आणि आम्ही सगळ्या चांगल्या लुगड्यांनिशी उठलो आणि सरळ कारखान्याच्या वाटेला लागलो. मागं वळून बघायचं नाही, असं ठरलं होतं. जैतून रडत चालली होती. मीही वळले नाही.

फाटकावर परशा मुकादम. "अगं, सांगितलं न्हवं? लहान पोर असलेल्या…"

"कुठाय पोर?" मी विचारलं. "बघ. कुणाच्या कडेवर हाय?"

"मग पोरं कुठायत?"

"त्यांच्या आईकडं हायत," फिलोमिना म्हणाली. "घरात बसून बघाय आई पायजे म्हणाला होतास, मिळाली."

आत वाफवलेल्या बियांचा ढीग पडला होता, आठवडाभर निम्मी यंत्रं रिकामी होती. परशा बाजूला झाला. आम्ही लुगडी खोचली, हाताला राख चोळली आणि बसलो.

बऱ्याच वेळानं दारात मंजिरी मॅडम दिसल्या. साडीचा पदर ओला, केस सुटलेले, कडेवर माझी गोजी. रडून रडून लाल झालेली.

"ही कुणाचं ऐकत नाहीये," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "सभापतींना आई म्हणते, त्यांनी दिलेला पेढा खाल्ला, मांडीवर बसली. आणि मग सारखं एकच, माझी मालन पायजे, माझी मालन पायजे. कुणाचं मूल आहे का मालन म्हणून? कोण आहे ही मालन?"

यंत्रं थांबली. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"मी," मी म्हटलं.

स्टेजवर माझं नाव पुकारलं होतं, पण "मालनताई गुरव" एवढं कुणाच्या ध्यानात राहतंय? मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. गोजीनं दोन्ही हात माझ्याकडं केले. "माझी मालन! माझी मालन!"

"पण तुम्ही तर तिची आई," मॅडम म्हणाल्या.

"आज न्हाई. आज वार सभापतींचा." "आया तिला लई हायत, मॅडम. रोज एक. मालन एकच हाय. तुमी त्या दिवशी परीक्षा घेतली ती आईची. माझी घेतलीच न्हाई."

मॅडम दाराजवळच्या पोत्यावर मटकन बसल्या. गोजी त्यांच्या कडेवरून माझ्याकडं झेपा घेत होती. माझे हात टरफलाच्या तेलानं माखलेले, तिला शिवले असते तर तिची कातडी भाजली असती. उठून हात धुवावे आणि तिला घ्यावं, एवढंच करायचं होतं. एवढं केलं असतं तर किल्ली मिळायच्या आतच आमचा डाव संपला असता.

मी बसल्या जागेवरून हलले नाही.

"न्या तिला," मी म्हटलं.

"अहो, रडतेय ती!"

"दिसतंय मला. खोलीची किल्ली आणा. तवर वार तुमचा."

मॅडम उठल्या. काय वाटलं त्यांना ते मला ठाऊक नाही. गोजीला घट्ट धरून गेल्या. त्यांच्या खांद्यावरून ती माझ्याकडं बघून ओरडत होती आणि मी बिया फोडत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात चांगले नव्हते. इंदाक्का पलीकडच्या यंत्रावरून म्हणाली, "रड खुशाल. हात थांबवू नकोस."

जेवणाची सुट्टी व्हायच्या आत फाटकावर गलका झाला. बाहेर येऊन बघतो तर पुढं मंजिरी मॅडम, मागं खुद्द सभापती. टोपी सदाच्या डोक्यात, खांद्यावर अजून तो लाल पंचा, आणि धोतराला लोंबकळत सगळी वरात. परशा मुकादम भिंतीकडं तोंड करून हसत होता.

"साहेब, द्या," मॅडम म्हणाल्या.

"अहो, पण वरच्या साहेबांना मी काय…"

"त्यांना मी सांगते. द्या किल्ली."

सभापतींनी किल्ली पुढं केली. इंदाक्कानं हात पुढं केला नाही.

"आणि काम?"

"येत जावा कामाला! आणि काय पाहिजे? माझी टोपी तेवढी द्या!"

मग इंदाक्कानं किल्ली घेतली. आदर्श पालक गावाची पाटी गावाला लागलीच नाही. पत्रा चांगला जाड होता, फिलोमिनाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर कित्येक वर्षं होता.

मी राख आणि साबणानं हात धुतले, दोनदा, तीनदा. सभापतींच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला, माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हटलं, "पोरांनो, वार माझा." गोजी हुंदके देत आली, पंच्याला डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, भूक लागली." जॉनही म्हणाला, "आई, मला बी." मी सगळ्यांना खोलीवर नेलं. अर्धवट रंगवलेल्या सशाखाली बसून सगळ्यांना मऊ भात भरवला.

संध्याकाळी भोंगा झाला. बायका आल्या, जिची तिची पोरं घेऊन गेल्या. मी खोली झाडली, पंचा खुंटीला टांगला आणि दाराला कुलूप घातलं. गोजीनं रिकाम्या खांद्याकडं एकदा बघून घेतलं. मग माझं काळं बोट मुठीत धरलं आणि म्हणाली, "चल मालन, घरला."